मालगाडीच्या डिझेल इंजिनावरच्या या पाच गोष्टी ओळखून द्या, लाकडी मॉडेल अडलंय

पॅटर्नवाला_उद्यमनगर
रविवार, सकाळी १०:१५

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचाच, उद्यमनगरात लाकडी पॅटर्न करतो, म्हणजे फौंड्रीत ओतकामाच्या आधी साचा काढायला जो लाकडाचा नमुना लागतो तो. दोन महिने झाले, रात्री जेवण झाल्यावर घरी मालगाडीचं एक डिझेल इंजिन करायला घेतलंय, सागवानात, १:२० च्या मापात. वडील मालधक्क्यावर हमाली करून थकले, आता गुडघ्यामुळं स्टेशनपर्यंत चालवत नाही, त्यांच्यासाठी करतोय. त्यामुळं उगीच इंजिनासारखं दिसणारं कायतरी नको, त्यांनी जे रोज बघितलं तेच पाहिजे.

फोटो माझ्याकडं भरपूर आहेत, लाईनवर विजेच्या तारा यायच्या आधीचे, गूळ मार्केट स्टेशनला, रुकडीच्या फाटकाजवळ आणि मिरजेच्या प्लॅटफॉर्मवरनं काढलेले. पण फोटोत काही गोष्टी अशा दिसतात की त्या काय आहेत तेच कळत नाही, आणि काय आहे ते कळल्याशिवाय माझा हात चालत नाही, कारण पॅटर्नमध्ये पण कुठला भाग कशासाठी आहे ते माहीत असलं तरच कोपरा किती गोल ठेवायचा ते कळतंय.

फोटो १, गूळ मार्केटला खताची गाडी घेऊन आलेलं इंजिन, बाजूला डब्ल्यूडीजी-३ए लिहिलंय. याला केबिनच्या एका बाजूला लांब नाक आणि दुसऱ्या बाजूला आखूड नाक, त्या आखूड नाकाच्या डोक्यावर जाळीदार झापांची एक मोठी पेटी बसवलीय. आणि हे असलं इंजिन गाडी थांबवत येताना लांबून घोंघावल्यासारखा आवाज येतो, हॉर्नचा न्हवे, वेगळाच. त्याचा आणि पेटीचा संबंध आहे का?

फोटो २ आणि ३, खालची चाकं. एका फोटोत तिन्ही चाकांत सारखं अंतर आणि दुसऱ्यात दोन चाकं जवळ अन् तिसरं लांब. मला आधी वाटलं फोटो तिरका आलाय. मोजून बघितलं, तिरका नाही.

फोटो ४, केबिनच्या छपरावर पांढरी वाटी पालथी घातल्यासारखं काहीतरी, आणि शेजारी तसलंच पिवळं.

फोटो ५, मिरजेला उभं असलेलं मोठं इंजिन, हुबळी लिहिलेलं. मेन इंजिन बंद होतं हे नक्की, कारण जवळ उभं राहून बोलता येत होतं, पण आतनं बारीक टकटकटक चालू होतं, आपल्याकडं विहिरीवर पंप चालतो तसं. आणि त्याच इंजिनाच्या खाली बोगीजवळ (बोगी म्हणजे इथं डबा न्हवे, चाकं बसवलेली खालची चौकट) एक छोटी डबी, तिरकी, रुळाखालच्या स्लीपरकडं तोंड करून बसवलेली. हे काय असेल?

जाणकारांनी वेळ काढून सांगावं ही विनंती. घाई नाही.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
रविवार, सकाळी ११:०२

लई भारी काम घेतलंय भावा. फोटो १ मधली पेटी म्हणजे एसी. आता ड्रायव्हर लोकांना केबिनमध्ये एसी बसवून देतात, पेपरला पण आलेलं. आवाज त्याच्याच पंख्याचा असणार.

मिरज_यार्ड
रविवार, दुपारी १२:४०

शाहूपुरी, एसी बसवतात हे खरं आहे पण ही पेटी एसी नाही. एसी असला तर तो केबिनच्या छपरावर असतो, बसणाऱ्याच्या डोक्यावर, आणि छोटा असतो, घरच्या विंडो एसीसारखा चपटा डबा. फोटोतली पेटी केबिनवर नाहीच, ती नाकावर आहे, नाकाच्या पूर्ण रुंदीची आहे, आणि झूम करून बघा, झापांच्या कडेचा रंग बाकीच्या बॉडीपेक्षा करपल्यासारखा झालाय. एसीनं पत्रा करपत नाही.

हे डायनॅमिक ब्रेकचे रेझिस्टर आहेत. डिझेल इंजिन म्हणतो आपण पण चाकं फिरवतात त्या विजेच्या मोटारी, प्रत्येक अॅक्सलला एक. गाडी हळू करायची असली की त्याच मोटारींना जनरेटर करतात, म्हणजे गाडीच्या वेगानं चाकं फिरतायत, चाकं मोटारीला फिरवतायत, मोटार वीज तयार करते आणि ती वीज ओढून घेताना चाकांना अडवते. आता ही वीज टाकायची कुठं? तर या पेटीतल्या पट्ट्यांमध्ये, पाणी तापवायच्या कॉईलसारख्या, तिथं तिची उष्णता करून हवेत सोडून देतात. पट्ट्या वितळू नयेत म्हणून आत ब्लोअर असतो, आणि त्या ब्लोअरची मोटार ब्रेकिंगच्याच विजेवर चालते. म्हणून ब्रेकचा करंट जेवढा जास्त तेवढा आवाज चढा, आणि वेग कमी झाला की आवाज उतरत उतरत बंद. तुम्ही ऐकलात तो हाच. काही जुन्या इंजिनांत हे सगळं आखूड नाकाच्या आतच असतं, बाहेरून पेटी दिसत नाही, त्यामुळं पेटी नाही म्हणजे डायनॅमिक ब्रेक नाही असं मात्र समजू नका.

चाकांचं संध्याकाळी लिहितो, जरा सविस्तर लागेल. पण तोपर्यंत एक विचारतो, फोटो २ आणि ३ एकाच इंजिनाचे आहेत का? नंबर दिसतोय का दोन्हीत?

पॅटर्नवाला_उद्यमनगर
रविवार, दुपारी १:३०

नंबर आत्ता बघितले. फोटो २ चा नंबर १३ नं सुरू होतो. फोटो ३ चा १६ नं. दोन वेगवेगळी इंजिनं आहेत. दोन्ही लाल-क्रीम रंगाची होती आणि दोन्ही मालगाडीला होती म्हणून मी एकच समजून चाललो.

गार्डरूम_निवृत्त
रविवार, दुपारी ४:१०

मी लोको पायलट होतो, पुणे-मिरज-कोल्हापूर आणि खाली लोंड्यापर्यंत बरीच वर्षं मालगाडी चालवली. मिरज यार्ड यांनी ब्रेकचं बरोबर सांगितलंय. त्यात एक भर घालतो. डायनॅमिक ब्रेक फक्त इंजिनाच्या चाकांना लागतो, वाघिणींना नाही, वाघिणींचा ब्रेक हवेचाच. आणि अगदी हळू वेगाला तो धरत नाही. म्हणून कोल्हापूरला येताना आवाज एका जागी मरतो आणि त्याच्यापुढं हवेच्या ब्रेकचा सूं... फिस्स ऐकू येतो. तुमच्या वडिलांना हे नक्की आठवत असणार, विचारून बघा.

पण या पेटीचं खरं काम आपल्या सपाट लाईनवर नाही, ते घाटात. पुण्याकडनं येताना शिंदवणे, नंतर आदर्की, आणि लोंड्याच्या पुढं कॅसलरॉकहून कुळेला उतरताना १ ला ३७ चा उतार आहे, म्हणजे सदतीस मीटर चाललं की एक मीटर खाली. तिथं भरलेली गाडी चाकाला घासणाऱ्या नुसत्या ब्रेकच्या ब्लॉकवर धरून आणली तर ब्लॉक आणि चाकं तापून लाल होतील. डायनॅमिक ब्रेक लावून गाडी एका वेगाला धरून ठेवायची आणि हवा हातात राखून ठेवायची, हे आम्हाला शिकवलेलं पहिलं. पावसाळ्यात त्या पेटीवर पाण्याचे थेंब पडून वाफ निघायची, ती आरशातनं दिसायची.

पिवळी वाटी सांगतो, ती मला जवळची आहे. तो फ्लॅशर लाईट. आपल्या गाडीला काही झालं, डबा रुळावरनं उतरला, गाडी तुटली, आणि शेजारच्या रुळाला अडथळा झाला असेल असं वाटलं तर आधी तो लावायचा. समोरून येणाऱ्या पायलटला लुकलुकता पिवळा दिवा दिसला की त्यानं गाडी थांबवायची, कारण विचारत बसायचं नाही. मिरज-कोल्हापूर लाईन एकेरी, तिथं त्याचं काम कमी पडतं, पण दुहेरी लाईनवर रात्री त्या दिव्याइतकं मोलाचं काही नसतं. मॉडेलमध्ये तो जरूर बसवा.

मिरज_यार्ड
रविवार, रात्री ९:५०

काका, वाफेचं वाचून अंगावर काटा आला.

पांढरी वाटी म्हणजे अँटेना. इंजिन कुठं आहे ते उपग्रहावरून कळण्यासाठी. इस्रोच्या गगन यंत्रणेचा वापर करून आरटीआयएस नावाची व्यवस्था रेल्वेनं इंजिनांवर बसवलीय, त्यात इंजिन स्वतःची जागा दर ३० सेकंदांनी कळवत राहतं. डिझेल इंजिनांवर त्याच्याही आधीपासून रेमलॉट म्हणून एक यंत्रणा होती, ती जागेबरोबर इंजिनाची तब्येत पण शेडला, म्हणजे त्याची देखभाल होते तिथं, कळवते, तेलाचा दाब, तापमान वगैरे, तिची पण अँटेना छपरावरच. तुमच्या वाटीचा फोटो कधीचा आहे त्यावर कुठली ते ठरेल. मॉडेलच्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच की वडिलांनी काम केलं त्या काळात ही वाटी नव्हती. त्यांच्या आठवणीतलं इंजिन करायचं असेल तर वाटी लावू नका.

आता चाकं. ही गोष्ट मला सगळ्यात आवडते म्हणून लांबण लागेल.

१६ नंबरचं तुमचं इंजिन अल्को घराण्यातलं डब्ल्यूडीएम. एम म्हणजे मिक्स्ड, प्रवासी पण ओढतं आणि माल पण. पहिली डब्ल्यूडीएम-२ अमेरिकेतल्या अल्को कंपनीकडून १९६२ साली आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनायला लागली. त्याच्या बोगीला ट्रायमाउंट म्हणतात, कारण इंजिनाचं वजन तिच्यावर तीन ठिकाणी टेकतं, एक मधला पिव्हट आणि दोन बाजूचे. त्या बोगीत तीन मोटारी आहेत, प्रत्येक मोटार आपापल्या अॅक्सलच्या एका अंगाला लटकलेली. पण त्यांची तोंडं एकाच दिशेला नाहीत. एका गाळ्यात, म्हणजे दोन अॅक्सलमधल्या जागेत, एकच मोटार येते आणि दुसऱ्या गाळ्यात दोन मोटारी समोरासमोर येतात. दोन मोटारींना जागा जास्त लागणार, म्हणून तो गाळा मोठा. तुम्हाला दिसलेलं कमी-जास्त अंतर ते हे.

१३ नंबरचं डब्ल्यूडीजी-३ए. डब्ल्यू ब्रॉडगेज, डी डिझेल, जी गुड्स, ३ म्हणजे तीन हजार अश्वशक्ती आणि ए म्हणजे वर शंभर, एकूण ३१००. इंजिन आत तेच सोळा सिलिंडरचं अल्को, पण खास मालगाडीसाठी १९९५ साली काढलेलं, बऱ्याच जणांच्या बाजूला शक्ती असं नाव पण लिहिलेलं असतं. याची बोगी नवी, हाय अॅडहीजन, म्हणजे रुळाला जास्त धरणारी, म्हणतात. यात तिन्ही मोटारींची तोंडं एकाच दिशेला, प्रत्येक गाळ्यात एक मोटार, म्हणून अंतर सारखं.

दिशा एक केल्यानं काय झालं? आपल्याकडं ऊसाचे दोन ट्रेलर लावलेला ट्रॅक्टर चढाला लागला की पुढची चाकं उचलायला बघतात ना, सगळं वजन मागं जातं. इंजिनात पण तसंच होतं, जोरात ओढायला लागलं की पुढच्या अॅक्सलवरचं वजन हलकं होतं आणि ती चाकं जागेवर फिरायला लागतात. मोटारी एका दिशेला बसवल्या आणि बोगीची रचना बदलली की वजनाची ही पळवापळवी कमी होते, प्रत्येक चाक रुळाला जास्त सारखं धरतं. म्हणजे त्याच ताकदीत जास्त मोठी गाडी जागची हलते. मालगाडीला वेगापेक्षा हेच हवं.

आणि एक कळकळीची सूचना. मॉडेल करताना क्लास बघून तपशील जमवू नका, एक नंबर आणि एक तारीख धरा. एकाच क्लासची दोन इंजिनं दोन शेडची असली की हॉर्नची जागा वेगळी, काचेवरची जाळी वेगळी, पट्टे वेगळे, एकाला एसी दुसऱ्याला नाही. मोठ्या दुरुस्तीला जाऊन आलं की तेच इंजिन पण बदलून येतं. पाच फोटोंतनं एक इंजिन जोडलं तर जे इंजिन कधी रुळावर आलंच नाही ते तयार होतं.

पॅटर्नवाला_उद्यमनगर
सोमवार, रात्री ११:२०

मिरज यार्ड, तुमचं वाचल्यावर काल रात्री झोप लागली नाही, कारण मी नेमकं तेच केलंय. बॉडी १३ नंबरची आणि खालच्या बोगीच्या दोन्ही बाजू १६ नंबरच्या फोटोवरनं कापून, घासून, पॉलिश मारून तयार आहेत. तीन आठवड्यांचं काम.

आज कारखान्यातनं आल्यावर दोन्ही फोटो मोठ्या स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले. आणि आता मला स्वतःला दिसलं ते सांगतो, चूक असेल तर सांगा. १६ नंबरची बोगी ही ओतीव आहे. बाजूचा दांडा सगळीकडं एकसारखा जाड नाही, जिथं भार येतो तिथं फुगलाय आणि मध्ये बारीक झालाय, आतले सगळे कोपरे गोल आहेत, एक पण काटकोन नाही, आणि एका ठिकाणी साच्याचे दोन भाग जिथं मिळतात ती रेघ रंगाखाली पण दिसते. आम्ही पॅटर्न करताना स्टील आकसतंय म्हणून माप दोन टक्के वाढवून घेतो आणि लाकूड वाळूतनं सुटावं म्हणून बाजूंना किंचित उतार देतो, तो उतार पण त्या दांड्याला आहे. अमेरिकेत कुणीतरी माझ्यासारख्यानंच याचा पहिला लाकडी पॅटर्न केला असणार.

आणि १३ नंबरची बोगी वेल्डिंगची वाटते. सरळ प्लेट कापून पेटीसारखी जोडलेली, कडा सरळ, कोपऱ्याला वेल्डिंगची माळ दिसते. एवढे दिवस बघत होतो तरी हे दिसलं नव्हतं, आधी फक्त चाकं मोजत बसलेलो.

मिरज_यार्ड
मंगळवार, सकाळी ७:४५

अगदी बरोबर. ट्रायमाउंटची फ्रेम ओतीव आणि डब्ल्यूडीजी-३ए ची जोडकामाची, फॅब्रिकेटेड. मी इतकी वर्षं फोटो काढतोय, मला अंतरावरून फरक सांगता यायचा, पण साच्याची रेघ मी कधी शोधली नाही. आता माझे जुने फोटो उघडून बसतो.

केलेल्या बोगी टाकू नका. त्या डब्ल्यूडीएमच्या म्हणून चोख असतील तर त्यांच्यावर दुसरी बॉडी चढेल. चाकं दोन्हीची एकाच मापाची, नवं चाक १०९२ मिलिमीटर, म्हणजे तुमच्या १:२० ला ५४.६. रुळाचं अंतर १६७६, ते ८३.८ येईल. त्यामुळं चाकं आणि अॅक्सल पुन्हा करायची गरज नाही.

मेकॅनिकलची_मुलगी
मंगळवार, दुपारी २:१५

मी इथं नवीन आहे, कसबा बावड्यात राहते, शेवटच्या वर्षाला आहे. फोटो ५ चं कोणी सांगितलं नाही अजून, मला पण त्या तिरक्या डबीचं कुतूहल आहे. आणि टकटक म्हणजे आत दुसरं इंजिन असतं का?

गार्डरूम_निवृत्त
मंगळवार, सायंकाळी ६:३०

हो बाळ, दुसरं छोटं इंजिनच असतं. त्याला एपीयू म्हणतात. पूर्वी काय व्हायचं, सिग्नल नाही, क्रॉसिंग आहे, गाडी तीन-तीन तास उभी, आणि मेन इंजिन मात्र चालूच ठेवायचं, कारण बंद केलं तर हवेचा दाब उतरतो, बॅटरी उतरते, पुन्हा चालू झालं नाही तर सगळी लाईन अडकते. नुसतं उभं राहून तासाला वीसेक लिटर डिझेल जायचं. एपीयू आल्यावर मेन इंजिन आपोआप बंद होतं आणि छोटं इंजिन बॅटरी आणि हवा सांभाळतं, तीन लिटरच्या आसपास भागतं. पहिल्यांदा ते बंद झालं तेव्हा मी आणि माझा असिस्टंट दोघं दचकून उभे राहिलो होतो. शांततेची सवयच नव्हती.

डबीबद्दल मिरज यार्डनी सांगावं, आम्हाला नुसतं त्याचं नाव माहीत, रडार.

मिरज_यार्ड
मंगळवार, रात्री १०:०५

काकांनी नाव सांगितलंच. हुबळीचं ते इंजिन डब्ल्यूडीजी-४, जनरल मोटर्सच्या डिझाईनचं, ४००० अश्वशक्तीचं, १९९९ साली भारतात आलं आणि हुबळी शेड हे त्याचं पहिलं घर. आतलं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणून आवाज अल्कोसारखा धडधडत नाही, एकसुरी घुमतो.

डबी कशाला ते बघा. चाक किती वेगानं फिरतंय ते मोजणं सोपं आहे, पण गाडी खरंच किती वेगानं पुढं जातेय ते चाकावरून कळत नाही, कारण जोर लावताना चाक किंचित घसरत फिरतं. आणि गंमत अशी की थोडं घसरत फिरणारं चाकच जास्तीत जास्त ओढतं, अजिबात न घसरणारं नाही आणि खूप घसरणारं तर नाहीच. तो थोडा म्हणजे किती थोडा हे सांभाळायला कॉम्प्युटरला जमिनीचा खरा वेग लागतो. सहाच्या सहा चाकजोड्या एकदम घसरत असतील तर कुठल्या चाकाला विचारणार? म्हणून ती डबी थेट खडीकडं आणि स्लीपरकडं रडारच्या लहरी सोडते आणि परत आलेल्या लहरींवरून वेग काढते. तिरकी आहे ती यासाठीच, सरळ खाली बघितलं तर पुढं जाण्याचा वेग कळणार नाही. डॉप्लर परिणाम, अकरावी-बारावीत शिकवलेला, तो इथं मालगाडीच्या पोटाखाली लटकलाय.

मेकॅनिकलची_मुलगी
मंगळवार, रात्री १०:४०

हे आम्हाला कंट्रोल सिस्टीमच्या तासाला उदाहरण म्हणून द्यायला पाहिजे होतं. डबीचा क्लोजअप मला मिळेल का? मिरजेला जाऊन काढला तर चालेल का?

गार्डरूम_निवृत्त
बुधवार, सकाळी ६:५०

प्लॅटफॉर्मवरनं काढा. रुळावर उतरू नका, उभ्या गाडीच्या जवळ वाकून तर मुळीच नको, गाडी न सांगता हलते. आणि सगळ्यांनाच सांगतो, आता आपल्या लाईनवर २५,००० व्होल्टची तार आहे. छपरावरचं काही बघायचं असेल तर पादचारी पुलावरनं, जाळीच्या आतनं बघा. सेल्फी स्टिक वर करू नका, इंजिनाच्या शिडीला हात लावू नका. तारेला शिवायची गरज नसते, जवळ गेलं तरी वीज झेप घेते. मी पाहिलंय, म्हणून लिहितोय.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
बुधवार, सकाळी ९:३०

माझं एसीचं चुकलं, पण त्यामुळं मला बरंच शिकायला मिळालं. काल गूळ मार्केटला जाऊन तासभर उभा राहिलो, आलेल्या दोन्ही गाड्यांना इलेक्ट्रिक इंजिन. १३ नंबरवाली इंजिनं आता राहिलीत का कुठं?

मिरज_यार्ड
बुधवार, सकाळी ११:००

आहेत, पण विजेच्या तारा सगळीकडं पोचल्यापासून कमी होत चाललीत. वाराणसीत तर दोन डब्ल्यूडीजी-३ए घेऊन त्यांचं १०,००० अश्वशक्तीचं जोड इलेक्ट्रिक इंजिन पण करून दाखवलंय, २०१९ साली. म्हणून म्हणतो, ज्यांच्याकडं जुने फोटो आहेत त्यांनी नंबर आणि तारीख मागं लिहून ठेवा.

पॅटर्नवाला_उद्यमनगर
पुढचा रविवार, सायंकाळी ५:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रगती सांगतो. १३ नंबर धरला, २०१७ च्या एकाच सकाळचे नऊ फोटो निघाले त्याचे. नवीन बोगीच्या बाजू कापल्यात, यावेळी गोल कोपरे ठेवले नाहीत. ब्रेकच्या पेटीच्या झापा आईस्क्रीमच्या काड्या चिरून केल्या, एका बाजूला सोळा बसल्या. पांढरी वाटी लावणार नाही, पिवळी लावणार.

समोरच्या नळ्यांचं विचारायचं राहिलेलं, पण त्याआधी दुसरंच झालं. काल वडिलांच्या हातात बोगी दिली. त्यांनी बराच वेळ फिरवून बघितली, चाकांवरनं बोट फिरवलं, आणि विचारलं, वाळूची नळी कुठाय? मी म्हटलं कसली वाळू. तर म्हणाले, पावसात गाडी उठत नसली की चाकापुढं वाळू सोडायचे, गाडी गेल्यावर रुळावर पांढरी पूड पडलेली असायची, आम्ही हमाल लोक ती झाडायचो न्हवं. एवढ्या वर्षांत हे कधी बोलले नव्हते.

फोटोत नळी सापडत नाही. काका, ती नेमकी कुठं येते?

गार्डरूम_निवृत्त
पुढचा रविवार, रात्री ८:००

वडिलांना माझा नमस्कार सांगा. वाळूच ती, बारीक चाळलेली आणि कोरडी, हवेच्या दाबानं सुटायची. ओली झाली की नळीत बसायची आणि मग असिस्टंटला उतरून हातोडीनं ठोकावं लागायचं.

नळी चाकाच्या पुढं येते, बोटाएवढ्या जाडीची, वरनं तिरकी खाली येऊन तोंड बरोबर जिथं चाक रुळाला टेकतं तिथं, रुळाच्या जरासं वर. फोटोत सापडत नाही कारण ती ग्रीसनं आणि धुळीनं काळी झालेली असते आणि मागं सावली. फोटोचा उजेड वाढवून चाकाच्या पुढं खालच्या बाजूला बघा, रबराचा तुकडा लोंबताना दिसेल, ते तिचं टोक. वाळू भरायचं झाकण वर हुडाच्या, म्हणजे नाकाच्या, टोकाला, ते पण करा.

आणि समोरच्या नळ्या. कपलिंगच्या शेजारच्या दोन जाड, त्यातल्या एकीचा कॉक, म्हणजे उघड-बंद करायची चावी, हिरवा, ती ब्रेक पाईप, ५ किलो दाबाची. दुसरीचा पांढरा, ती फीड पाईप, ६ किलोची. बाहेरच्या अंगाच्या बारीक नळ्या दोन इंजिनं जोडली की त्यांच्यात हवा सारखी ठेवायला. हिरवा आणि पांढरा रंग चुकवू नका, आम्ही अंधारात टॉर्च मारून आधी तेच बघायचो.